उंबरठा आणि हुकूम

८ जुलै, मलकापूर
सुभेदार आज पुन्हा दवाखान्याच्या दारात थिजले. कंपवात. सपाट फरशीवर चालतात, उंबरठा दिसला की पाय चिकटतात. मी तीन आठवडे सांगतोय, "गुडघा उचला, टाच आधी टेकवा." शबाना, कालपरवा लागलेली ज्युनिअर, मागून ओरडली, "तेज चल! एक-दो-एक!" म्हातारा सरळ आत. वर मलाच म्हणतो, "आवं डॉक्टर, हुकमाबिगर फौजी हालतोय व्हय?"
सगळे हसले. मीही. दात दुखेपर्यंत.

९ जुलै
मला हे माहीत होतं. दुखतंय ते हेच. दरवर्षी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात तासभर गर्जतो: पोलिओच्या काळात आपण एकेक स्नायू तपासत बसलो, मग प्रतिक्षिप्त क्रियांच्या मागे लागलो, मग कळलं की हालचाल नुसती स्नायूत नसते; माणूस, त्याचं काम आणि समोरची जागा मिळून ती घडते. टाळ्या पडतात. आणि माणूस समोर अडला तेव्हा मी? गुडघा, टाच. थेट पोलिओच्या वॉर्डात परत.
श.ला विचारलं, कुठं वाचलंस?
"वाचलं न्हाई सर. मामा पलटणीत हाय. जेवायला पण असंच बोलवतो."

१५ जुलै
सांगलीच्या परिषदेचं पत्र. दरवर्षी व्याख्यान माझं. पण उंबरठ्याची गोष्ट तिथवर पोचलीय; यंदा शबानाचं, सुभेदारांना मंचावर चालवून. म्हणते, "सर, इतिहासाचं तेवढं लिहून द्या." दिलं. एक परिच्छेद मुद्दाम अवघड केला होता. खोडला. पुन्हा लिहिला. शेवटी खोडलाच.

१८ जुलै
श. रजेवर. सुभेदारांना उंबरठ्यापाशी उभं केलं आणि हुकूम दिला. मैदानाच्या टोकाला पोचणारा माझा आवाज! पाय ढिम्म.
"रागवू नगा डॉक्टर. हे भाषण झालं. शेवटचा शब्द लय लांबवताय. हुकूम तुटाय पायजे."

२१ जुलै, सांगली, सकाळ
श.चा घसा बसलाय. फोनवर नुसती हवा. "सर, हुकूम तुमीच द्या."
मंचाच्या दारात लाकडी पट्टी आहे, पाहून आलो. उंबरठ्याएवढीच.
सुभेदारांनी पाऊल उचललं तर टाळ्या तिच्या. नाही उचललं तर... मला नक्की काय हवंय, ते लिहायलाच बसलो होतो.
खाली सुभेदारांची गाडी आली. पदकं लावून आलेत. खिडकीत मला पाहून ओरडले, "डॉक्टर, आज तोडून बोला बरं का!"