काळीला लावलेला मोरपंखी रंग

कासारवाडी,
रविवार, ता. २३ मार्च १९५८

ती. आक्का,

बन्सी पाया पडतो. पाडवा चांगला झाला. तुझी भावजय तानाबाई आणि मी दोघेही ठणठणीत आहोत. गोजाच्या हातचं तुझं पत्र परवा मिळालं. पोरीचं अक्षर बघून तानाबाई म्हणाली, मामाचं कोंबडीच्या पायाचं आहे, भाचीचं मात्र मोत्याचं.

गोजाचं लग्न अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पुनावळ्यातच होणार, हे वाचलं. नवरीला मामाने स्वतःच्या मोटारीतून आणावं अशी व्याही दत्तोबांची हौस आहे, हेही वाचलं. आक्का, त्यांनी म्हटलं नसतं तरी मी गाडी घेऊन म्हाळुंग्याला आलोच असतो. आता तर अशी गाडी घेऊन येईन की वेशीपासून तुझ्या दारापर्यंत माणसं उभी राहतील.

गाडी घेतली तेव्हा तिचं रूप सांगण्यासारखं नव्हतं. लढाईच्या आधीची फोर्ड. इंजिन खणखणीत, पण अंगावर पोचे, पत्र्याला गंज आणि रंग काजळीसारखा. पुण्यातल्या रंगवाल्याने जो आकडा सांगितला तो ऐकून मी त्याला रामराम केला आणि सरळ घरी आलो. म्हटलं, देहूरोडच्या डेपोत आठ वर्षं ट्रकांखाली पाठ घासली ती काय फुकट?

घरामागे ताडपत्री बांधली. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने गाडी दोनदा धुतली. मग पोचे काढले. तानाबाईने बाहेरून वाळूची पिशवी दाबून धरायची आणि मी आतून लाकडी हातोडीने हळूहळू ठोकायचं. पिशवी सरकली की ठोका वाया, म्हणून ती अशी पाय रोवून उभी राहायची की शेजारच्या बायका हसायच्या. उरलेल्या खळग्यांत खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून भरलं. ते वाळल्यावर काचकागद पाण्यात भिजवून चार दिवस नुसतं घासणं. बोटांची कातडी गेली, पण पत्रा असा झाला की हात फिरवला तर कुठे अडकत नाही.

रंग मोरपंखी घेतला आणि खिडक्यांच्या खालची पट्टी सायीच्या रंगाची. रंग जुन्या लुगड्याच्या फडक्यातून दोनदा गाळला, नाहीतर कण राहतात. धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी मारलं. साधा ब्रश, पण एकाच दिशेने ओढायचा आणि मागे वळून बघायचं नाही, हे त्यातलं गुपित. एक हात वाळला की पुन्हा घासायचं, मग दुसरा. दारांवर कसलीशी जुनी खूण होती, ती तिसऱ्या हाताखाली गेली.

दोन्ही रंगांच्या मधली तांबडी रेघ तानाबाईने ओढली. मी सूत मारून घेतलं होतं, तरी माझी रेघ वाकडी गेली. तिचा हात रांगोळीचा. पुढच्या दिव्यापासून मागच्या चाकापर्यंत एका दमात गेली. ती रेघ बघायला स्टेशनचे हमालसुद्धा येऊन गेले. टायरांना पांढरे पट्टे काढलेत. निकेल उडालेल्या बंपरला चांदीचा रंग दिला. चाकांच्या टोप्या चिंचेने आणि राखेने घासल्या. एवढं सगळं एका नव्या टायरच्या किमतीत झालं.

रंग बदलल्याची पुण्याच्या कचेरीत नोंद करून आलो आणि पाडव्याला पूजा केली. दुसऱ्या दिवसापासून कासारवाडी स्टेशन ते चाकण अशा फेऱ्या सुरू आहेत. काल एका व्यापाऱ्याने तीन टांगे सोडून माझी गाडी धरली.

गाडी आधी कुणाची होती असं तू विचारलंस. पुण्यात एके ठिकाणी जुनं सामान लिलावात काढलं होतं, तिथे मिळाली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मळवट-मुंडावळ्यांचं काय ते कळव. हार मात्र माझ्याकडे लागले.

तुझा धाकटा भाऊ,
बन्सी

———

कासारवाडी,
रविवार, ता. ६ एप्रिल १९५८

ती. आक्का,

पाया पडतो. तानाबाई बरी आहे. गाडीही बरी चालते. तुझं उत्तर आलं नाही, ते लग्नाच्या गडबडीमुळे असणार. मीच पुन्हा लिहायला बसलो आहे, कारण मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं.

गोजा, हे पत्र तूच आईला वाचून दाखवणार. एकदा वाटलं, हे मास्तरांकडून वाचून घ्या असं वर लिहावं. मग म्हटलं, त्या गाडीत बसायचं तुला आहे. तेव्हा वाच, पोरी. मध्ये थांबू नकोस.

गेल्या बुधवारी स्टेशनवर मोशीचे भिमाजी गाडीत बसले. माझ्या ओळखीचे नव्हते, पण दिलखुलास माणूस. रंगाचं कौतुक केलं, तांबडी रेघ कुणी ओढली ते विचारलं. मी फुशारकीने सगळं सांगितलं. भोसरीला एक उतारू उतरला आणि त्याने दार लावलं. ते दार लागताना दोनदा वाजतं, बिजागरी मी कितीही तेल घातलं तरी ऐकत नाही. तो आवाज ऐकला आणि भिमाजी दाराकडे बघत राहिले. पुढे थोड्या अंतरावर त्यांनी गाडी थांबवायला लावली.

"ही काळी न्हवं?" ते म्हणाले. "रंग बदललास, पन दार तेच हाय. माझ्या लेकीमागं लागलं तवा असंच वाजलं व्हतं."

ते उतरले, आणि मोशीपर्यंतचा उरलेला रस्ता उन्हातून चालत गेले. मी चाकणहून परत फिरलो तेव्हा मला वाटेत दिसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

होय आक्का. ती काळीच. क्षयाच्या दवाखान्याची गाडी. दारावर पांढऱ्या गोलात तांबडी फुली होती ती. ती गावात शिरली की बाया पोरांना घरात ओढायच्या आणि म्हाताऱ्या म्हणायच्या, आज कुणाचा नंबर. याच गाडीतून आपले दाजी गेले. दवाखान्याने नवी गाडी घेतली आणि ही लिलावात काढली. पुण्याची माणसं होती, तरी कुणी बोली लावेना. मी आवारात शिरलो आणि पाहताक्षणी ओळखली. आणि ओळखूनच विकत घेतली. इतकी चांगली गाडी इतक्या स्वस्तात मला दुसरी कुठे मिळणार होती? मनाशी म्हटलं, गाडीचा काय दोष, पत्रा तर आहे, रंग दिला की झालं. मग रंग देताना मी इतका जीव ओतला की आपण काही लपवतो आहोत हेही विसरलो.

कामाबद्दल मला अजूनही अभिमान आहे. खोटं सांगणार नाही. पण भिमाजी उतरून गेल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, आणि ती गाडीपेक्षा मोठी आहे.

त्या दिवशी, चार वर्षांपूर्वी, म्हाळुंग्याच्या चावडीसमोर काळी उभी होती. दाजी मागे खिडकीशी बसले होते, मांडीवर घोंगडी. तू लुगड्यात भाकरी बांधून पळत आलीस, आणि म्हणालीस, मी जाते यांच्याबरोबर. मी तुला धरलं. मी म्हणालो, आक्का, गाडीत जागा नाही, दोन महिन्यांत बरे होऊन येतील. तू भाकरी खिडकीतून दिलीस. बाराव्या दिवशी ते गेल्याचा निरोप आला.

आक्का, जागा होती. मागे दाजींशिवाय कुणीच नव्हतं. ड्रायव्हर मला म्हणाला होता, बाईला यायचं असेल तर येऊ द्या, सोबत बरी असते. मीच नको म्हणालो. तुला रोग लागेल ही भीती होती, गोजाकडे कोण बघणार हाही विचार होता. पण खरं कारण निराळं. सारा गाव बघत होता, तू रडत होतीस, आणि मला ते लवकर संपायला हवं होतं. एवढंच.

तू तेव्हापासून लोकांना सांगतेस, गाडीत जागा नव्हती म्हणून माझी शेवटची भेट चुकली. तुझ्या तोंडून हे ऐकलं की मी दर वेळी उठून बाहेर जातो. तुला कधी कळलं नाही, मी का उठतो.

आता तू म्हणशील तसं. या गाडीत गोजाला बसवायचं नसेल तर मी चाकणहून दुसरी मोटार ठरवून देतो, आणि लग्नात माझं तोंड बघायचं नसेल तर तेही समजेन. सोमवारपासून मात्र मी स्टेशनवर कुणाला लपवून बसवणार नाही. विचारलं तर सांगणार, काळी होती म्हणून. ज्याला बसायचं तो बसेल.

तुझा,
बन्सी

———

म्हाळुंगे,
रविवार, ता. १३ एप्रिल १९५८

बन्सीस,

आई सांगते तसंच्या तसं लिहिते आहे. मामा, मी मध्ये थांबले नाही. गोजा.

तुजं पत्र आलं. गोजीनं वाचलं. ती रडली, मी न्हाई रडले. मी उठून रानात गेले आन् सांजपतोर कांदा काढला. चार दिस घरात कुनाशी बोलले न्हाई. पाचव्या दिवशी गोजीला म्हनले, पुन्ना वाच.

बन्सी, चार वर्सं मी त्या गाडीला शिव्या दिल्या. सपनात यायची माज्या. मी तिला म्हनायची, एवढी मोठी तू, माज्यापुरती जागा न्हवती व्हय तुज्यात? मुक्या जिनसेवर राग धरला. धरायचा व्हता तो तुज्यावर, आन् तू दर सनाला माज्या घरी येऊन जेवून जात व्हतास.

गाव बघत व्हता म्हनून तुला लाज वाटली, असं तू लिवलंस. ते वाचून मला लई वाईट वाटलं. रोगाची भीती व्हती एवढंच लिवलं असतंस तर मी कवाच सोडून दिलं असतं. पन तू खरं ते लिवलंस. त्याचाबी इचार मी केला. तुला न सांगता चाललं असतं. मी आडानी, रंगाखाली काय हाय ते मला कधी कळलं नसतं. गोजीला मिरवत नेली असती मी त्यातनं.

आता मी काय केलं ते ऐक. काल शनवारी मी शेजारच्या बैलगाडीनं पुनावळ्याला गेले. दत्तोबांच्या वसरीवर बसले आन् सगळं सांगितलं. म्हनलं, सोयरिक मोडायची तर आत्ता मोडा, मांडवात नको. त्येंची बायको घाबरली. दत्तोबा लई वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हनले, "इहीनबाई, ती मोटार चढावर बंद तर पडत न्हाई न्हवं? आमच्या पावण्यांत हसं व्हईल." मी म्हनलं, माजा भाऊ लबाड हाय, पन गाडी त्याची बंद पडायची न्हाई. मग त्येंच्या बायकोनं च्या केला.

तवा नवरी तुज्याच गाडीत बसंल. दुसरी ठरवू नको.

पन लग्नाच्या आदल्या दिशी तू सकाळचा ये. तानाबाईला इथं गोजीपाशी ठिव. आन् मला त्या दवाखान्यापतोर ने. आत जायचं न्हाई मला, तिथं आता माजं कोन हाय? म्हागं खिडकीशी जिथं ते बसले व्हते तिथं मी बसनार, आन् तू त्या ड्रायव्हरानं नेली तशी सावकाश ने. मोशीचा पूल, भोसरीचं रान, दवाखान्याच्या फाटकापाशी गाडी थांबती तिथं थांबव. वाटंत त्येंनी काय काय बघितलं आसंल ते मला बघायचं हाय. वाटंत माज्याशी बोलू नको. मी बोलले तर बोल.

येताना भिमाजींचं घर लागतं मोशीत. तिथं उतरू. तू त्या मानसाला उन्हात चालायला लावलंस. त्येंच्या पाया पड. मी बी संगं हाय.

दुसऱ्या दिशी गोजीच्या शेजारी मी बसनार हाय, हे आत्ताच सांगून ठिवते. रांडमुंड बाई नवरीच्या गाडीत कशाला, असं कुनी म्हनलं तर तू मधी पडू नको. मी बघून घेईन त्येंचं.

तानाबाईला सांग, तिची रेघ बघायला मी लई उत्सुक हाय.

पत्राच्या शेवटाला थोरल्यानं धाकट्याला आशीर्वाद लिवायचा आसतो, असं गोजी म्हनती. तो मी आज लिवत न्हाई. दवाखान्यावरनं माघारी आलो, की हात ठिवायचा का न्हाई तुज्या डोक्यावर, ते तवा बघीन.

सोपानरावांची बायको,
तुजी आक्का,
गवरा