घड्याळजीच्या कादंबरीचा शेवट

८ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईची तब्येत बरी आहे, माझी कंबर बरी नाही. औषधांच्या दुकानात दिवसभर उभं राहून पायांचे खांब झालेत. लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. परवा कपाट आवरताना आईने आपली घड्याळजीची कादंबरी बाहेर काढली आणि विचारलं, की हे पुस्तक कुणाचं गं, चांगलं आहे का? ताई, मला भरूनच आलं. भांडी घासून झाली की ओल्या बोटांनी जी पानं उलटून तिने आपल्याला वाचून दाखवली, तीच तिला ओळखू येईनात.

मग मी पहिलं प्रकरण वाचलं. दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ न्यायला गिऱ्हाईक येत नाही आणि घड्याळजी रोज त्याला चावी देत राहतो, तिथे ती उठून बसली. तो माणूस येतो का शेवटी, म्हणून माझ्या मागेच लागली. मी काही ताकास तूर लागू दिली नाही. अगं, तिला ती कादंबरी पुन्हा पहिल्यांदा ऐकायला मिळतेय! असं भाग्य कुणाला लाभतं? पण माझं वाचन म्हणजे औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. सुट्टी लागली की तू ये. आवाज तुला आईचाच आलाय.

मास्तरीणबाईंचा लोभ आहेच, तो सुट्टीवर जाऊ नये.

तुझी,
ठकू


१७ एप्रिल

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आईचा चक्क हेवा वाटला. समितीशी भांडभांडून मी ती कादंबरी नववीला लावून घेतली, तेव्हा वाटलं होतं पोरं वेडी होतील. कसलं काय! पहिल्याच वर्षी निम्म्या वर्गाने शेवट चुकीचा लिहिला आणि मुख्याध्यापिकांनी बजावलं, की आधी सारांश द्या, मग वाचन. तेव्हापासून पहिल्या तासाला मी फळ्यावर सगळं लिहून टाकते. गिऱ्हाईक परत येत नाही, घड्याळजीची दृष्टी जाते, तरी तो चाचपडत चावी देतो. अधोरेखित करा. यंदा खिडकीजवळच्या मुलीने विचारलं, की बाई, सगळं कळलंच आहे तर आता वाचायचं कशाला? मी तिला दटावून खाली बसवलं.

छत्रीच्या प्रकरणाला आपण तिघी पोट धरधरून हसायचो, आठवतं? आता तिथे मला फक्त विनोदाचे प्रकार दिसतात, चार गुणांसाठी. आईशेजारी बसून वाचलं तर ते हसू परत येईल, अशी वेडी आशा आहे. येते मी. तिच्यासाठी आणि माझ्यासाठीही.

कंबरेला शेक दे आणि या म्हातारीवर माया ठेव.

तुझी,
ताई


१२ मे

चि. ठकूस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. तू कामावर असताना काय झालं ते निघताना सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते.

आई उशीला टेकून बसली होती. नुसतं ऐकायचं होतं, तरी तिने चष्मा पुसून लावला. मी पुस्तक उघडलं, घसा साफ केला आणि तोंडातून आपोआप बाहेर पडलं, की ही एका घड्याळजीची गोष्ट असून त्याचं गिऱ्हाईक कधीच परत येत नाही. मधेच लक्षात आलं गं, पण जीभ थांबेना. दृष्टी जाण्यापर्यंत सगळं सांगून मोकळी झाले. आई नुसतं बरं म्हणाली आणि चष्मा काढून डबीत ठेवला. मी सारवासारव करत म्हटलं, की चेष्टा केली, येतो तो. तर म्हणाली, आता बदलू नका बाई. ठकू, ती मला बाई म्हणाली.

पुढे रोज वाचलं. मागच्या बाकावरची मुलं घंटेची वाट बघत ऐकतात, तशी ती ऐकत राहिली. छत्रीला ती हसली नाही. मीही नाही. तुला म्हणून विचारते, ती एवढं सगळं विसरते, तर हेही विसरेल ना? आईने विसरावं म्हणून मी देवाला हात जोडते आहे, काय वेळ आली बघ.

रागावली असलीस तरी लोभ काढून घेऊ नकोस.

तुझी,
ताई


२९ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रागावले नाही. काहीतरी चांगलं लिहिता यावं म्हणून थांबले होते. चहा घेतलेला ती विसरते, मला शेजारीण समजते. म्हणून काल मी पुस्तक पुन्हा नव्यासारखं उघडलं. पहिलं वाक्य संपायच्या आत तिने पानावर हात ठेवला. राहू दे, तो माणूस येत नाही, म्हणाली. कुणी सांगितलं विचारलं, तर म्हणाली, एक बाई आल्या होत्या, शिकवतात छान, आवाज ओळखीचा वाटत होता.

ताई, तेवढंच राहिलंय तिच्याजवळ. आता तू काय करणार आणि मी तरी काय करणार?

मग तिनेच विचारलं, त्या बाई पुन्हा येतील का? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर दोन्ही हात कानांवर घट्ट ठेवून म्हणाली, की सांगू नकोस, आधी काही सांगू नकोस. तेव्हापासून ती दाराकडे तोंड करून बसते.

कधी येणार ते मलाही कळवू नकोस. नुसती ये.

तुझ्या लोभाची वाट बघणारी,
ठकू