उभ्याने सारवण

५ ऑक्टोबर, केशोरी
पाऊस गेला असं धरून आज घराभोवती फेरा मारला. माझ्या हातचं काय काय: सपरीचे, म्हणजे पुढच्या पडवीचे, चारही खांब, रंधा मारून. मागच्या दाराची चौकट, कडीसकट. न्हाणीचं पाणी घरामागच्या सांदवाडीतल्या केळींना नेणारा चर. उतार असा धरलाय की पाणी कुठे थांबत नाही. छपराचं कवेलू अन् कवेलू, दर उन्हाळ्यात फेरलेलं. भोपळ्याचा मांडव. वांग्याचे वाफे. लग्न झाल्यापासून गवंडी-सुतार या उंबऱ्याच्या आत आला नाही. कोणाकडे शिकलो नाही. मोडून पाहिलं, जोडून पाहिलं.
बायकोला, मंदाला, वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आन् उभे आहा ते जमीन कोनं सारवली?"
खरंय. जमीन लिहायची राहिली. तिच्या हातची.

७ ऑक्टोबर
मंदाचे गुडघे. अर्जुनीच्या डॉक्टरने बजावलं: उकिडवं बसणं बंद, सारवण तर बिलकूल नाही. परतीच्या बसमधून उतरताना ती एवढंच म्हणाली, "मंडई आली. पाहुणे का उखडल्या जमिनीवर बसवू?"
दिवाळी झाली की गावची मंडई, म्हणजे जत्राच, घरोघरी पाहुणे. तोवर भिंती पोतारून, जमीन सारवून व्हायलाच हवी.
संध्याकाळी साळ्याचा फोन. संजू, गोंदियाला ठेकेदार, बोलतो अर्धं हिंदी. "जीजाजी, टाइल्स मार दो ना. पोछा लगाव, खतम." म्हटलं, आमच्या भिंती मातीच्या. खाली सिमेंट आलं की ओल भिंतीत चढते. तू नव्या घरांचा ठेकेदार, तुले जुन्या घराचं काय समजते. हसला.
ठरलं. जमीन मातीचीच, अन् सारवीन मी. पण उकिडवा नाही. उभ्याने.

८ ऑक्टोबर
हत्यार केलं. खांद्याएवढा बांबू. खाली सागाची फळी, वीतभर रुंद, तिला दोन पदरी गोणपाट ताणून. जोडाला जुन्या खिडकीची बिजागरी, म्हणजे बांबू कसाही धरा, फळी जमिनीला सपाट. बाजारात असं काही मिळत नाही. मिळालं तरी बिजागरीचं कोणाला सुचलं नसतं.

१० ऑक्टोबर
मंदाला विचारलं, शेणाला माती किती, पाणी किती. "हाताले समजते." मला असलं चालत नाही. घमेल्याने मोजून घेतलं. माती बोडीतली, शेतातल्या लहान तळ्यातली, आणली, तळाची, काळी, चिकण. आम्ही कोहळी. या मातीने वाडवडलांनी तलावांच्या पाळी, म्हणजे बंधारे, बांधल्या, अजून पाणी धरून आहेत. सपरीची काय कथा.
दुपारपर्यंत सपरी सारवून झाली. चकचकीत. शेजारच्या वच्छलाकाकू कुंपणाला टेकून, "काऊन रे, बायको पळाली काय?"
"नाही काकू, बढती भेटली तिले."

११ ऑक्टोबर
सपरी तडकली. भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत, बोट जाईल अशा भेगा.
मंदा चहा घेऊन दारात. "बोडी सुकली वाट्टे."
कारण सापडलं. पाळीला एका अंगाने कायम ओल असते, म्हणून ती माती धरते. सपरीत वाळली अन् आकसली. तलाव बांधणाऱ्याच्याच घरात होणारी चूक. दुसऱ्या कोणाला ती माती आणायचं सुचलंही नसतं.

१३ ऑक्टोबर
सगळं खरडून काढलं. आज मंदा खुर्चीत, मी घमेल्याशी. पिवळी माती चाळून, ताजं शेण, थोडं भुसकट. "हात घाला. आता वर काढा." बोटांतून धार पडली. "पातळ आहे. माती टाका." पुन्हा. या वेळी थेंब थेंब, सावकाश. "हं." मग हे माप घमेल्यात लिहायला गेलो तर जमेना. उद्याचं शेण आजच्यासारखं नसणार. हाताचंच माप बरोबर. हे मान्य करायला मला तीन घमेली लागली.
"सरळ नोका ओढू. वळवा. चांदावानी." बांबूला बिजागरी असल्याने वळण सुरेख येतं. हे तिलाही पटलं.

१६ ऑक्टोबर
भेग नाही. एकही. वच्छलाकाकू येऊन पायाने दाबून गेल्या. "तुमच्यात आता बायकांनी काय करायचं?" मंदा म्हणाली, "नजर ठेवाची, काकू."
कोपऱ्यात फळी अडत होती, एक टोक तिरपं कापलं.
मंदाने बांबू घेऊन पाहिला. "माह्यासाठी लांब आहे." लगेच चार बोटं कापला. तिने उंबऱ्यापासून चुलीपर्यंत उभ्याने ओढत नेलं, माझ्यापेक्षा नीट. "बरं आहे." तिचं बरं आहे म्हणजे पुष्कळ.
पण संध्याकाळी गुडघे सुजलेलेच. वाकली नव्हती, तरी.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
संजू आला. नव्या सारवणावर पाट, भोवती रांगोळी. जमीन पाहून म्हणाला, "जीजाजी, मान गए." छाती फुगली, खोटं कशाला बोलू.
मंदाने ओवाळलं. त्याने ताटात पाकीट ठेवलं. "ताई, टाइल्सचे साठ हजार. दोन खोल्या अन् सपरी. मंडईच्या आधी माझी माणसं येतील."
मी पाकीट उचललं अन् त्याच्या खिशात घातलं. "आमची जमीन आम्ही करू."
संजू हसला नाही. जेवला, निघून गेला.
मंदा ताट घेऊन तशीच उभी. निरांजन जळत होतं. "ओवाळणी मले घातली होती. मले पुसलं काय तुमी?"
"तुले टाइल्स पायजेत काय?"
"ते मंगचं."
आत गेली. चार बोटं कापलेला बांबू तिने दाराआड नीट उभा ठेवलेला आहे. त्यावरून काही ठरवता येत नाही. सकाळी विचारीन, अन् सांगेल ते ऐकून घेईन.
एवढं लिहून ठेवतो. मंदाची ओवाळणी, साठ हजार रुपये, फरशीसाठी. परत केली. मी.