माथ्यावरचा सूर्य आणि करजवळीची बंद घरं

खैतान, कुवेत
शनिवार, सकाळचा दुसरा चहा

करजवळी विकास आघाडीचे अध्यक्ष आणि चौथीतले माझे बाकसोबती चंद्रहास यांस नझीरचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

टेबलावर डस्टर आपटून गुरुजी ठेका देत, टप् टप् टप्, आणि आपण चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणत असू, तो आवाज आज चहा गाळताना एकदम कानांत आला. त्यात तुझा गळा वेगळा ऐकू आला, कारण तू कायम अर्धी ओळ मागे असायचास. सगळा वर्ग थांबला की तू एकटाच उरलेली ओळ संपवायचास आणि गुरुजी म्हणायचे, आली, मागची गाडी आली. वहिनींच्या पायाची जखम कशी आहे? पट्टी बदलायला अजून दिवसाआड रिक्षा करून तालुक्याला नेतोस का? आम्ही इथे सुखरूप आहोत. बाहेर सत्तेचाळीस अंश आहेत आणि घरात एसीमुळे मी स्वेटर घालून बसलो आहे. सूनबाई लुबना माझ्या चहात साखर घालत नाही, म्हणून हा दुसरा चहा मी स्वतः केला (हे तिला कळवू नये).

आता पराभवाचं. बाळासाहेब जिंकले आणि आपली ताहिरा पडली, सत्तावन्न विरुद्ध शेहेचाळीस, त्याचं खापर सगळ्या कुवेतने माझ्या डोक्यावर फोडलं आहे. वस्तुस्थिती अशी. सरपंचपदाला आघाडीचा उमेदवार कोण, हे सभासदांच्या मतांनी ठरवायचं, ही तुझीच कल्पना. कुवेतकरांना सुटी असते म्हणून पंधरा दिवसांपूर्वीचा शुक्रवार धरलास, हाही तुझाच चांगुलपणा. मतं दुपारी बाराच्या आत तुझ्या फोनवर यावीत, असा रुक्ष संदेश तू मला पाठवलास आणि इथल्या एकोणीस जणांना कळवायला सांगितलंस. आता, चंद्रहास, ज्याने शाळेत कवितेचं पहिलं बक्षीस घेतलं तो माणूस 'दुपारी बाराच्या आत' असं लिहील का? मी लिहिलं, 'माथ्यावर सूर्य येण्याआधी गावाला आपला कौल द्या.' सर्वांनी अंगठे दाखवले. तौफीकने तर फुलांचा गुच्छ पाठवला. पण कोणत्या गावच्या माथ्यावर, हे लिहायचं राहून गेलं. तुमच्याकडे बारा वाजले तेव्हा इथे साडेनऊ होते, आणि शुक्रवारी साडेनऊला खैतानात मांजरसुद्धा उठत नाही. सगळे अकराला उठले, नमाजाला जाण्याआधी आपला सूर्य बघून वेळेत मतं देऊन मोकळे झाले. एकोणीसपैकी सतरा ताहिराला. तोवर तुम्ही पेढे वाटून जेवायला बसला होतात.

तू विचारशील, हे सतरा जण ताहिराकडे वळले कसे? कारण तिचा जाहीरनामा म्हणजे आमच्याच घरांवर धाड होती. करजवळीत आमची कुवेतवाल्यांची एकतीस घरं बंद आहेत. संगमरवरी जिने, रंगीत काचा, आणि आत कोळी. ताहिराचं म्हणणं, प्रत्येक बंद घराची पुढची खोली गावाला उघडून द्या. एकीत दवाखाना, एकीत पोरांची अभ्यासिका, एकीत म्हाताऱ्यांना बसायला जागा. पंधरा वर्षं इथल्या इस्पितळात नर्स होती, आता रोज संध्याकाळी फुकट बसायला तयार आहे, फक्त खोली हवी. हे इतकं धाडसाचं धोरण कुवेतकरांना कसं पचलं याचा मी तपास केला. (तौफीककडे चहाला जमलो होतो. इथे मंडळी जमवून राजकारण बोलणं बरं नव्हे, म्हणून त्याला आम्ही तौफीकच्या गुडघ्याची विचारपूस म्हणतो.) तेव्हा उलगडलं की प्रत्येकाने शेजाऱ्याचं घर डोळ्यांसमोर आणून मत दिलं होतं.

उशिरा आलेली मतं मोजा, असं मी म्हणत नाही. हरलो ते हरलो. पण उमेदवार त्यांचा तर धोरण तरी आपलं, हा माझा आग्रह आहे. म्हणून मी बाळासाहेबांना फोन केला. ते गावाच्या तोंडाशी स्वागताची कमान बांधणार आहेत. मी म्हटलं, कमानीबरोबर एक दवाखान्याची खोलीही घ्या. ते म्हणाले, "चाचा, कमान येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. बंद घरातली खोली कुणाला दिसणार?"

"ज्याला ताप आलाय त्याला!"

"ताप आलेला मत द्यायला उठत नाही, चाचा."

यावर मला सुचेपर्यंत फोन बंद झाला होता. उत्तर परवा सुचलं, पण ते वृत्तात बसत नाही. माझी नात निदा शेजारीच होती. म्हणाली, "दादा, इट्स ओव्हर. मूव्ह ऑन." मी तिला समजावलं की लोकशाहीत ओव्हर असं काही नसतं. ती हेडफोन लावून गेली.

तेव्हा अध्यक्षमहाराज, उद्याचा सोडून पुढच्या रविवारी कार्यकारिणी बसेल, तेव्हा 'बंद घरं उघडा' हे कलम जाहीरनाम्यात घालाच. बिचकू नका. नुसत्या कमानीखालून गाव पुढे जात नाही, फक्त आत-बाहेर करतं. (हे वाक्य माझं आहे. भाषणात वापरलंस तर नाव सांग.) कोणी कुरकुर केली तर सांग, कुवेत शाखा पाठीशी खडी आहे. हे पत्र गुरुवारी गावाकडे निघणाऱ्या ओवैसच्या हाती देतो आहे.

तुझा,
नझीर

ता.क. कलमाचा मसुदा करताना 'बंद' या शब्दाची व्याख्या जरा विचारपूर्वक कर. एखादं घर नुसतं कुलूप लावलेलं असलं म्हणजे ते बंदच झालं, असं नाही. काही घरं मालकाची वाट पाहत असतात.

ता.क. २. स्पष्टच लिहितो. माझं घर यादीतून वगळ. पुढच्या खोलीत तो सोफा आहे, प्लास्टिक अजून काढलेलं नाही. शाळेच्या कवितांच्या वह्या तिथेच कपाटात आहेत. तिथे रोज संध्याकाळी खोकणारी माणसं येऊन बसणार, हे मला झोपेत दिसतं. बाकीची तीस घरं आहेतच की. आणि हे ताहिराला कळता कामा नये, पोरगी मला फार मानते.

ता.क. ३. बेल वाजली. लुबना दार उघडते आहे. तौफीकचा गुडघा असावा.

ताहिरा आहे! परवा फहाहीलला बहिणीकडे उतरली म्हणे. हातात बिस्किटांचा डबा बघून मी म्हटलं, अगं कशाला आणलंस. तिने डबा हलवला तर आत गावच्या बंद घरांच्या चाव्या. दोन दिवसांत अकरा घरं फिरली. चाव्याच कार्यकारिणीपुढे टेबलावर ओतल्या की बाळासाहेब स्वतःच कलम मांडतील, असं म्हणते. "तुमच्या घराची पुढची खोली रस्त्याला लागून, चाचा, पहिला दवाखाना तिथेच." मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेलो, आणि हे पत्र टेबलावर उघडं राहिलं.

परत आलो तर ती शेवटचं पान वाचत होती. तिने पान सरळ केलं, घडी घातली, पुन्हा उघडून मला लिहायला दिलं. आता समोर बसून आहे.

म्हणते, "ओवैसला कशाला त्रास? मी बुधवारीच निघतेय, चंद्रहासकाकांना हातात देईन. फक्त पाकीट आत्ताच चिकटवू नका, चाचा. आधी त्यात चावी टाका."