ये म्हणायचं राहिलं

उंद्री,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. अनुपमास,
आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. सोयाबीन घरात आलं. गाय व्याली, कालवड झाली. तुझे बाबा तिला 'अनू' म्हणून हाक मारतात आणि स्वतःच हसतात.

आई पत्र काय लिहिते, असं वाटेल तुला. पण तुमच्याकडे फोन स्पीकरवरच लागतो, आणि मला हे सगळ्या नांदुऱ्याला ऐकवायचं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं, आणि मी तुला येऊ नको म्हणाले. विहिरीला पाणी नाही म्हणाले, छपराचे पत्रे बदलायचेत म्हणाले. एवढ्या पावसानंतर ऑक्टोबरात विहीर आटते का गं? तुला ते कळलंच. तेव्हापासून तू माझ्याशी धड बोलत नाहीस.

खरं कारण माझे हात.

मागच्या पावसाळ्यापासून हातांवर, मानेवर पुरळ आहे. तुला मी उष्णता म्हणून सांगायचे. मेडिकलवाल्याची ट्यूब लावली की उतरायचं, सोडली की दुप्पट यायचं. कडुलिंब झाला, वांगं सोडलं. खाजवून खाजवून रक्त निघायचं.

तुझ्या डोहाळजेवणाला मुद्दाम लांब बाह्यांचं पोलकं शिवून आले होते. ओटी भरायला वाकले आणि बाही वर सरकली. तुझ्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "राहू द्या इहीनबाई, वटी सिंधूताई भरतीन." तुझी मोठी जाऊ पुढे झाली. तुला वाटलं, मी रुसून मागे बसले. मी हात पदराखाली घेऊन बसले होते. अनू, फार लागलं गं मनाला. तिथेच ठरवलं, या हातांनी बाळाला न्हाऊ घालायचं नाही.

परवा बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी औषधाआधी विचारलं, कपडे कुठे वाळवता? माझं कुणाला लागू नये म्हणून मी माझी लुगडी घरच्या दोरीवर टाकतच नव्हते. घरामागे गाजर गवत माजलंय, त्यावर पसरायचे. आधी निंदताना हाताला लागलेलं तेच गवत मला बाधत होतं! रोज धुवायचे आणि रोज तेच अंगाला गुंडाळायचे. बाबा तिथेच ओरडले, "तुले कोनं सांगतलं होतं वं तिकडं वाळवाले? दोरी तुटली होती काय?" मग बाहेर जाऊन डोळे पुसत उभे राहिले.

आता गवत त्यांनी उपटलं, मला जवळ फिरकू दिलं नाही. माझी लुगडी दोरीवर, सगळ्यांच्या कपड्यांत. पण हात बरे नाहीत. वेळ लागेल, कदाचित पुरळ पुरतं जाणारही नाही. एकाचं दुसऱ्याला लागत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं. तरी मला धीर होत नाही.

तुझ्या सासूबाईंना मी काही समजावणार नाही. तुला विचारते. या हातांनी तुझ्या बाळाला न्हाऊ घातलेलं तुला चालेल का? बाज धुऊन उन्हात ठेवली आहे. चालत असेल तर ये.

नसेल, तर फोनवर 'विहिरीला पाणी नाही ना गं' एवढंच म्हण. मी हो म्हणेन.

हात अजून पदराखालीच असलेली,
तुझी आई