धूमकेतूच्या निगेटिव्हची व्यवस्था

मी, एर्मिनिया बार्रासा ताबिलो, वय एकाहत्तर, शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, राहणार विकुन्या, चिली, लिहून ठेवते की माझी स्मृती शाबूत आहे, नजर चष्म्यासह ठीक आहे आणि हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट दोघांनी नको म्हटले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. घर, अंगण आणि मागचा द्राक्षवेल भाची यास्ना हिला. अट एकच, अंगणात पांढरा दिवा लावायचा नाही, त्याने तारे बुजतात. शेजारी म्हणतील चोर येतील. येऊ देत, ठेचकाळतील.

२. बँकेतील शिल्लक माझ्या अंत्यविधीसाठी. उरेल ती यास्नाला. खगोल क्लबचे पुष्पचक्र घेऊ नये. माझे पती नोल्बेर्तो पिसार्रो २०१९ साली वारले तेव्हा क्लबने पाठवलेल्या चक्रावर 'आमच्या मदतनिसास' असे लिहिले होते. मी ते फाटकाबाहेर ठेवले. लोक बोलले. आजही तेच करीन.

३. पती पिस्कोच्या, म्हणजे द्राक्षाच्या दारूच्या, भट्टीत पिंपे बांधत. त्यांची हत्यारे भट्टीतल्या ज्या कारागिराला हवी असतील त्याला. भिंतीवर शोभेला टांगणाऱ्याला नाही.

४. फळी यास्नाला. जुन्या पिंपाच्या लाकडाच्या दोन फळ्या, एका बाजूला बिजागरी, एक स्क्रू. वर कॅमेरा बांधून स्क्रूला मिनिटाला एक फेरा दिला की कॅमेरा आकाशाबरोबर सरकतो. २००७ च्या जानेवारीत मोठा धूमकेतू आला, तेव्हा पतींनी उत्तर गोलार्धातल्या एका मासिकातील आकृती पाहून ती बनवली. कॅमेरा क्लबचे अध्यक्ष श्री. ओसिएल मुनिसागा यांनी दिला. शाळेला सुट्टी होती, प्रयोगशाळेची चावी माझ्याकडे होती. फिल्म मी तिथे धूत असे. पहिल्या दोन संध्याकाळी नुसत्या रेघोट्या आल्या.

"मिस्तरी, पिंपाची फळी पिंपातच बरी," श्री. मुनिसागा म्हणाले. "आकाशात काय पिस्को मुरवायला घातलाय?"

मी पट्टी घेऊन रेघा मोजल्या. कॅमेरा नुसता तिपाईवर ठेवून येतात त्याच्या दुप्पट लांब होत्या.

"अहो, आपली फळी आकाशाच्या उलट जातेय," मी म्हटले. "आकृती उत्तरेची आहे. इथे बिजागरी दुसऱ्या बाजूला हवी."

"म्हणजे दोन दिवस मी धूमकेतूपासून लांब पळत होतो," पती म्हणाले आणि पेचकस शोधायला उठले.

धूमकेतू रोज फिका होत होता. तिसऱ्या संध्याकाळी पतींनी स्क्रू फिरवला. बटणाचा हादरा चित्रात उतरू नये म्हणून मी त्यांची काळी टोपी भिंगापुढे धरली, कॅमेरा स्थिरावल्यावर बाजूला केली. दोन फेरे, दोन मिनिटे. शेपटी पंख्यासारखी डोंगरावर उघडलेली आली.

ते चित्र क्लबच्या दिवाणखान्यात आहे. खाली 'छायाचित्र: ओसिएल मुनिसागा'. पतींनी एकदाच विचारले. उत्तर मिळाले, "कॅमेरा कोणाचा, मिस्तरी? मग फोटो कोणाचा?" पती घरी आले, हात धुतले, जेवायला बसले. पुढे बारा वर्षे ते गप्प राहिले, आणि मीही. माझे गप्प राहणे चूक होते. ती चूक मी इथे दुरुस्त करते.

५. निगेटिव्ह माझ्याकडे आहे. क्लबने तीनदा मागितली, मी तीनदा नाही म्हटले. ती सार्वजनिक ग्रंथालयास द्यावी, वाया गेलेल्या दोन संध्याकाळींच्या पट्ट्यांसह. त्या रेघोट्यांवर आजवर कोणी हक्क सांगितलेला नाही. ज्याच्या रेघोट्या, त्याचेच चित्र. प्रत हवी त्याला फुकट द्यावी, पण खाली हे छापल्याशिवाय नाही: 'फळी आणि फेरे: नोल्बेर्तो पिसार्रो. टोपी: एर्मिनिया बार्रासा. कॅमेरा: ओसिएल मुनिसागा.' त्यांचे नाव मी गाळत नाही. त्यांनी आमचे गाळले.

६. कायद्याप्रमाणे हे तीन साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले जाईल, आणि साक्षीदाराला यातले काहीही मिळू शकत नाही. हे लक्षात घेऊन तिसऱ्या साक्षीदाराकडे मी स्वतः गेले आणि त्यांना बोलावले.

विकुन्या, १४ मार्च २०२२, सकाळी अकरा.

(सही) एर्मिनिया बार्रासा ताबिलो

साक्षीदार:
१. देलिया इरियार्ते, शेजारीण
२. निबाल्दो कोर्तेस, बेकरीवाले
३. ओसिएल मुनिसागा, अध्यक्ष, खगोल क्लब

नोटरीची नोंद: तिसऱ्या साक्षीदारांनी कलम पाच पुन्हा वाचण्यास सांगितले. पुन्हा वाचले. त्यांनी सही केली.