पश्चिमेचं पाखं

१२ नोव्हेंबर, कन्हेरी
सकाळी आक्काचा फोन. इंदापूरच्या पुढं, धरणाच्या पाण्याकाठी तिनं पक्षी बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्यात. एका ओळीत, एकच आढं, त्याच्या दोन्ही अंगाला उतरती दोन पाखी. वासे मी दिवाळीआधी चढवून आलोय. वर काय घालायचं यावर आता घरात दोन पक्ष. दाजींना सागाच्या फळ्या पाहिजेत, मी कोऱ्हाळ्यात केल्या तशा. आक्काला बारामतीत बघितलेले 'शेक'. दिसायला फाडलेली फळी, आतून प्लास्टिक आणि रबर.
"बाळू, तू म्हणशील त्येच घालनार. ह्यांचं न्हाय आन् माझं बी न्हाय."
म्हणजे उद्या गळलं तर बाळूच.

१४ नोव्हेंबर
बारामती. कंपनीच्या दुकानावरचा पगारी माणूस, देशमाने. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, मला बघताक्षणी 'सर'. नववीतनं शाळा सोडलेल्याला सर कोण म्हणतं? ज्याला काही विकायचंय तो.
"पन्नास वर्षं हलत नाही सर."
"तुमचं वय?"
"एक्केचाळीस."
"मग कुणी बघितली पन्नास वर्षं?"
हसला. चहा मागवला. चहा राहू द्या, नमुने द्या म्हटलं. तीन आणले. दुकानातच तिन्हींच्या पाठीवर खिळ्यानं खूण केली. मागाहून बदलाबदली नको.

१५ नोव्हेंबर
नमुना क्र. १ : रुंदी १२ इंच बरोबर. लांबी २२. जाडी बुडाला ४ सूत, म्हणजे अर्धा इंच, शेंड्याला दीड सूत. वजन भुसार दुकानाच्या काट्यावर १ किलो ३१२ ग्रॅम. तीनदा केलं. दुकानदार म्हणाला, "मिस्त्री, ह्याची भाजी करायची का?" त्याला काय सांगणार.
क्र. २ बादलीत बुडवला, वर दगड. शेजारच्या बादलीत सागाची फळी, तेवढ्याच मापाची. बघू.

१८ नोव्हेंबर
तीन दिवस झाले. साग एक सूत फुगला, वजन वाढलं. शेक पुसून काट्यावर ठेवला : एक ग्रॅम फरक नाही. रुंदी तीच. लाकूड पाणी पितं म्हणून दोन फळ्यांत दोन सूत फट सोडायची, हे मी स्वतःच्या अकलेनं शिकलोय, कुणी सांगितलं नव्हतं. हे पीतच नाही. नोंद.

१९ नोव्हेंबर
विस्तव. हे बघणं भाग. आक्काच्या खोल्यांना दोन्ही अंगानं ऊस. तोड झाली की शेजारचा मागं उरलेलं वाळकं पाचट पेटवणार, जळते कपटे सगळ्या शिवारात उडतात.
चुलीतला निखारा क्र. ३ वर ठेवला. काळा पडला, थोडा उकळला, टायरचा वास. निखारा काढला की थांबला. सागावर ठेवला तर निखारा काढल्यावरही फळी आतनं धुमसत राहिली, शेवटी पाणी मारावं लागलं.
देशमाने म्हणाला होता 'जळतच नाही'. खोटं. पेटत नाही, हे खरं. दोन्हीत फरक आहे.
तरी मन लाकडाकडंच. सौ. म्हणाली, तुम्हाला आधीच ठरवायचंय तर बादल्या कशाला भरता.

२३ नोव्हेंबर, कोऱ्हाळे बुद्रुक
माझंच छप्पर बघायला गेलो. आठ वर्षं झाली. मोबाइलमध्ये फोटो काढून आक्काला दाखवायचा बेत होता.
घरमालक आबा अंगणातच आडवे आले. "या मिस्त्री, बसा, च्या घ्या."
वर चढून येतो म्हटलं.
"ऊन हाय."
टोपी आहे म्हटलं.
"शिडी न्हाय हो, पाव्हण्यानं न्हेली."
शिडी गोठ्यामागं पडलेली मला दिसत होती. शिडी आणली, चढलो.
पुढचं पाखं बरं. आढ्याच्या मागं बघितलं तर तिथं फळ्याच नाहीत. पत्रा. पत्र्याला तपकिरी रंग, माझ्या फळ्यांच्या रंगाशी इतका जुळवलेला की रस्त्यावरनं कळू नये. कडेला राहिलेल्या चार फळ्या द्रोणासारख्या वळलेल्या, दोन ठिकाणी वाळवीची माती.
खाली उतरलो. आबा जमिनीकडं बघत.
"कधी?"
"तीन पावसाळं झालं. तुमी दर दिवाळीला येताय, खालनं वर बघून खूश हुताय. कोन सांगनार, मिस्त्री? आमची जीभ रेटंना."
चहा घेतला. पत्र्याचे खिळे वाकडे मारलेत एवढंच बोललो.
आणखी कुणाकुणाची जीभ रेटत नसेल?

२५ नोव्हेंबर
आक्काला फोन केला, शेक घाल.
दाजींनी तिच्या हातनं फोन घेतला. "काय पाव्हणं, लाकडाचा मानूस प्लास्टिक सांगाय लागला? डीलरनं काय पाजलंबिजलं का?"
पाचटाचं कारण सांगितलं. खरं कारण आहे ते. कोऱ्हाळ्याचं काढलं नाही.

९ जानेवारी, आक्काकडे
माल आला. काटा बरोबर आणला होता. पहिल्या गठ्ठ्यातला एक नग : १ किलो २९० ग्रॅम. दुसरा : तेवढाच. दहा केले. नमुन्यापेक्षा २२ ग्रॅम कमी, सगळे.
देशमान्याला फोन. "बॅच वेगळी असते सर. थोडं इकडंतिकडं चालतं."
कुणाला चालतं?
परत पाठवायचा म्हणून उठलो तर आक्का म्हणाली, महिनाअखेर पाहुण्यांनी खोल्या धरून ठेवल्यात. राहिला माल. तारीख, वेळ, वजन लिहून ठेवलंय.

१० जानेवारी
खोक्यातला कागद वाचला. इंग्रजी. डिक्शनरी घेऊन सगळा लावला, एक ओळ सोडली नाही. दोन नगांत दीड सूत फट सोडा म्हणतो. का, ते नाही. देशमाने पण फोनवर दोनदा : "फट तेवढी विसरू नका सर."
एवढा आग्रह कशाला? काटकोनाचा गुण्या लावून बघितलं. दहांत दोन नग केसभर तिरके. फट सोडली की तिरकेपणा झाकतो, आणि वर मालही कमी लागतो. आता कळलं.
आणि पाणी पीत नाही, मग फट कशाला? कागद बर्फाच्या देशातला. बादलीत मी बघितलंय.

१३ जानेवारी
पश्चिमेचं पाखं धरलं. थंडी इतकी की सकाळी खिळा बोटात ठरत नाही. सोबत किसन. पंचवीस वर्षं माझ्या हाताखाली, माझ्यापेक्षा दहानं मोठा, तरी मला नाना म्हणतो.
"नाना, कागदात फट सांगितलीया म्हणं."
"कागद लिहिणाऱ्यानं बादलीत भिजवून बघितलंय का?"
"त्यानं कशाला भिजवावं? तुमी हायसा की भिजवायला." आणि तंबाखू मळायला बसला.
एकाला एक भिडवून बसवतोय. मध्ये नख जात नाही. खालनं बघितलं तर अख्खी फळी.

१६ जानेवारी
पश्चिम पुरी. दाजी खाट टाकून दिवसभर खालनं बघत होते. शेवटी म्हणाले, "हात हाय बाबा तुमाला." दाजींच्या तोंडनं एवढं म्हणजे पुष्कळ.

२१ जानेवारी
तहसीलच्या कामात इंदापुरात चार दिवस गेले. परत येऊन बघतो तर किसननं पूर्वेचं पाखं सगळं उरकलेलं, आणि प्रत्येक नगात फट! दोन रुपयांची नाणी उभी धरून सोडलीय म्हणे. दात विरळ झालेल्या म्हाताऱ्यासारखं दिसतंय. सगळ्यांसमोर बोललो. "मी नसलो की तुझी अक्कल चालते का?"
"तुमी नव्हता म्हणूनच चालली," म्हणाला.
काढून परत करायला वेळ नाही. पूर्व बाजू मागची. कोण बघतंय.

२ फेब्रुवारी
पाहुणे आले. आक्काचा फोन, आवाजात गूळ. "लोकं वर बोट दावून लाकूडच म्हनत्यात, बाळू. ह्ये तर सगळ्यास्नी सांगत्यात, डोकं माजं हुतं."
दाजींचं डोकं. असू दे.

८ एप्रिल
"बाळू, छप्पर फुगलंय."
दीडच्या उन्हात पोचलो. पश्चिमेचं पाखं मधोमध तीन ठिकाणी पापडासारखं वर आलेलं. खिळे उपसलेत, दोन नग उभेच. पूर्वेला काही नाही.
मनात पहिल्यांदा आलं : २२ ग्रॅम. कुठंतरी माल मारला होता, तो आज बाहेर आला.
देशमान्याला बोलावलं, तासाभरात आला. आक्कानं अंगणात, पाहुण्यांच्या देखत : "काय वं, पन्नास वरसं म्हनला हुता. तीन म्हयन्यात संपली का? मानसं झोपत्यात खाली!" मी वही काढून वजनं वाचली. तारीख, वेळ, दहाच्या दहा नग. त्याच्या कपाळाला घाम. जाताना हळूच विचारलं, "फट ठेवली होती ना सर?"
"तुम्ही वजनाचं बोला," म्हटलं.
मान खाली घालून गेला. बरं वाटलं. लिहून ठेवतो, बरं वाटलं.

९ एप्रिल
आक्काकडेच मुक्काम. सकाळी सातला वर चढलो. पाखं सपाट. उपसलेले खिळे सोडले तर जसं बसवलं तसं. वाटलं रात्री कुणी दाबून गेलं काय. कुणाचा भरवसा नाही.
दुपारी दोनला परत चढलो. फुगलेलं.
खाली येऊन बसलो. उरलेल्या गठ्ठ्यातला एक नग घेतला, अंगणात उन्हात ठेवला.

१० एप्रिल
तोच नग. सकाळी सात : १२ इंच बरोबर. दुपारी दोन : १२ इंचांवर अर्धा सूत, जरासा कमीच. हात लावता येत नव्हता, पंचानं धरला. टेप सावलीतली. तीनदा मोजला. दुसरा नग घेतला. तेवढाच. संध्याकाळी परत १२ इंच.
एका ओळीत चाळीस नग. चाळीस अर्धे म्हणजे वीस सूत. अडीच इंच. कमीच धरू, दोन. ते दोन इंच जाणार कुठं? मी जागाच ठेवली नव्हती. वर गेले.
पाण्यात घातला. विस्तवावर घातला. उन्हात नाही घातला.
हे मी कुणालाही विचारलं असतं तर...
पण २२ ग्रॅम? ते कुठं गेले? तेही खरं आहेच की. एका वेळी दोघं चुकू शकतात.

११ एप्रिल
देशमान्याचा फोन. कंपनी पश्चिमेचा सगळा माल बदलून देतेय, फुकट. सोमवारी गाडी. "फक्त दोन ओळी तुमच्या हातच्या पाहिजेत सर, मालात दोष होता म्हणून. वरचे लोक माझ्यावर आलेत, तू चुकीचा माल उतरवलास म्हणून. मी सांगितलं, मिस्त्री वजन करून माल घेतो, तो माणूस खोटं लिहिणार नाही."
हे भोळेपणानं म्हणाला का मुद्दाम? फटीचं त्या दिवशी विचारलं, आज नाही. का नाही विचारलं? त्याला कळलंय आणि तो माझ्याच तोंडानं वदवून घेतोय? का त्याला काहीच माहीत नाही आणि त्याची नोकरी चाललीय?
कन्हेरीला आलो. सौ.ला माल बदलून मिळतोय एवढं सांगितलं. "चला, सुटलात," म्हणाली.

१२ एप्रिल
किसन आला होता. शेक काढायला सोमवारी येशील का विचारलं. हो म्हणाला. मग तंबाखू मळत बसला.
"माजं पाखं बरं हाय न्हवं, नाना?"
"बरं आहे."
"बरं हाय म्हंजी झालं." उठून गेला.
एवढंच. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

१३ एप्रिल, आक्काकडे
आज इकडं आलो. दाजी पेपर वाचतायत. आक्कानं फुलस्केप कागद आणून पुढ्यात ठेवला. "लिही बाबा, तुजं अक्षर चांगलं हाय. जूनच्या आत वरचं झाकलं पायजे. तुज्या शब्दावर घातलं, तुज्या शब्दावर बदलू."
खरं लिहिलं तर माल फुकट मिळणार नाही. तो मी भरून देईन, त्याचं काही नाही. पण अंगणात, पाहुण्यांच्या देखत वही काढून मीच वाचलं होतं. आणि ती त्या माणसाला जे बोलली ते माझ्या वहीवर बोलली.
लिहिलं : 'मी खाली सही करणार, राहणार कन्हेरी. सदर छपराच्या पश्चिमेच्या पाख्याचा माल मी स्वतः बसवला. तपासलेल्या दर नगाचे वजन नमुन्यापेक्षा २२ ग्रॅम कमी भरले.'
दोन वाक्यं, दोन्ही खरी. एवढ्यावर आक्काला माल मिळेल, देशमान्याच्या नोकरीचं मात्र सांगता येत नाही. तिसरं वाक्य, फटीचं, कुणी मागितलेलं नाही.
आक्का आतनं दुसऱ्यांदा विचारतेय, "झालं का रं लिहून?"